जावयाचा कबुलीजबाब

चौतीस वर्षांच्या नोकरीतले बहुतेक तपास आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेले आहेत. कोणती घरफोडी कोणत्या ठाण्यातली, हे मला बायकोला विचारावे लागते. एक तपास मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत डोळ्यांसमोर आहे, आणि तो नोकरीतला नाहीच. त्याची नोंद कुठल्याही स्टेशन डायरीत नाही. घटनास्थळ जर्मनीतले ब्राउनश्वाइग, संशयित माझा जावई आणि तपास अधिकारी मी, निवृत्त पोलीस निरीक्षक, अंगावर गणवेशाऐवजी मुलीने आणलेला लोकरी स्वेटर.

मुलगी आणि जावई दोघेही तिथे इंजिनिअर. आम्ही नवराबायको सहा महिन्यांसाठी त्यांच्याकडे गेलो होतो. जावयाला नेमबाजीचा नाद. तिकडे रायफल सहज मिळत नाही. आधी क्लबचे सभासद व्हायचे, परीक्षा द्यायची, पोलीस पडताळणीतून जायचे. स्वतःची काडतुसे स्वतः भरायची असतील तर त्याचा कोर्स निराळा आणि परवानाही निराळा. दोन वर्षे खपून जावयाने तो नुकताच मिळवला होता. या कामात तो अगदी नवशिका होता.

त्याचे सामान इमारतीच्या तळघरातल्या खोलीत होते. त्या खोलीला घरात सगळे 'केलर' म्हणत. एका बाजूला गाडीचे हिवाळी टायर आणि तांदळाची पोती, दुसऱ्या बाजूला टेबल, त्यावर काडतूस दाबून बसवायचे यंत्र आणि दारूचे वजन करायचा नाजूक, आडव्या दांडीचा काटा. बंदुकीची दारू लोखंडी कपाटात, रायफल तिजोरीत, दोन्हींच्या किल्ल्या फक्त जावयाच्या खिशात. ही शिस्त पाहून मला बरे वाटले. आमच्या एका ठाण्यात मुद्देमाल खोलीची किल्ली खिळ्याला टांगलेली असायची, तो विषय इथे नको.

पहिल्या दिवशी त्याने मला स्टूल दिले आणि सगळे समजावले. पितळी पुंगळी साफ करायची, तिच्या बुडात ठिणगी देणारी नवी टोपी बसवायची, दारू मोजून घालायची, वर गोळी दाबायची. दारू कमीपासून सुरू करून अगदी थोडी थोडी वाढवत न्यायची. प्रत्येक पायरीची पाच काडतुसे, प्रत्येक डबीवर चिठ्ठी. मग रेंजवर एकेक झाडून रिकामी पुंगळी तपासायची. टोपी चपटी झाली किंवा रायफलचा बोल्ट, म्हणजे मागची खिट्टी, जड उघडला, तर दाब जास्त झाला असे समजून तिथेच थांबायचे.

"आणि हा काटा?" मी विचारले.

"आल्झो, बाबा," बोलताना जर्मन शब्द मिसळायची त्याला सवय, "त्याला मी आत्ताच झिरो केलंय. टेबल हलत नाही, काटा हलत नाही. एकदा सेट केला की झालं."

हे वाक्य मी ऐकले आणि सोडून दिले. तेव्हा ते पुढे लागेल असे वाटले नव्हते.

त्यानंतरच्या शनिवारी मी त्याच्याबरोबर रेंजवर गेलो. पहिल्या दोन डब्या ठीक गेल्या. तिसऱ्या डबीच्या दुसऱ्या काडतुसाला आवाज वेगळा आला, आणि जावई बोल्ट उघडायला गेला तर तो उघडेना. तळहाताने ठोकून उघडावा लागला. क्लबचे सुरक्षा प्रमुख, सत्तरीचे, पूर्वी कुलूपदुरुस्ती करणारे गृहस्थ, लगेच आले. त्यांनी पुंगळी हातात घेतली. बुडातली टोपी पोळपाटावर लाटल्यासारखी सपाट झाली होती. त्यांनी गोळीबार थांबवला, उरलेली काडतुसे गोळ्या उपसून उघडली आणि क्लबच्या काट्यावर दारू मोजली. एकूण एक काडतुसात चिठ्ठीवरच्या आकड्यापेक्षा दारू जास्त निघाली. आणखी एकदोन पायऱ्या वर गेला असता तर बोल्ट डोळ्यावर आला असता. डोळ्यांसमोर मुलगी उभी राहिली.

सुरक्षा प्रमुखांनी आवाज न चढवता सांगितले, आठ दिवसांत लेखी खुलासा द्यावा. कारण कळले नाही तर प्रकरण परवाना देणाऱ्या कचेरीकडे जाईल. जो माणूस लिहितो एक आणि भरतो दुसरे, त्याला परवाना ठेवू देत नाहीत.

घरी आल्यावर जावई रायफल ठेवायला सरळ केलरमध्ये उतरला. दुसऱ्या दिवशी मुलगी मला स्वयंपाकघरात म्हणाली, "बाबा, त्याने खुलासा लिहिलाय. 'आकडे वाचताना माझं लक्ष नव्हतं,' असं. हे खोटं आहे. तो मीठसुद्धा मोजून घालतो. तुम्ही बोला ना त्याच्याशी."

हीच माझी खबर. अडचण अशी की चौकशी करायची जावयाची. आमच्याकडे जावयाला ताटावरून उठवत नाहीत, तिथे फैलावर कसे घ्यायचे? बायकोने तर बजावलेच, "अहो, तुमचा तो ठाण्यातला आवाज इथे काढू नका." मी दोन कप चहा केला आणि त्याच्यासमोर बसलो.

"जावईबापू, नेमकं काय झालं?"

"माझीच चूक, बाबा. हंड्रेड पर्सेंट. हात चुकला."

"सगळ्याच काडतुसांना?"

"हो. सगळ्याच."

"कमी कुठेच नाही? सगळीकडे जास्तच? आणि सारखंच जास्त?"

त्याने चहाचा कप उचलला आणि न पिता ठेवला. अशी माणसे मी खूप पाहिली आहेत. खरा गुन्हेगार आधी नाकारतो, मग दुसऱ्याचे नाव घेतो, शेवटी कबूल होतो. जो प्रश्न पुरा होण्याआधीच कबूल होतो तो बहुधा कोणाला तरी पाठीशी घालत असतो. पण घरात पाठीशी घालण्यासारखे होते कोण?

शिवाय हात चुकला तर तो एकदा जास्त टाकतो, एकदा कमी. प्रत्येक वेळी सारखाच फरक येतो तो काट्यात खोट असली तरच. नोकरीच्या सुरुवातीला वजनमापे खात्याबरोबर एका किराणा दुकानावर छापा घातला होता. त्या दुकानदाराने पारड्याच्या बुडाला चिंच चिकटवली होती. मी जावयाला म्हणालो, "चला, घटनास्थळ दाखवा."

"राहू द्या ना, बाबा. मी लिहून दिलंय."

"दाखवा," मी म्हणालो. या वेळी आवाज थोडा ठाण्यातला निघाला.

केलरमध्ये मी दारात उभा राहिलो. घटनास्थळी आल्या आल्या कशाला हात लावायचा नाही, आधी नुसते बघायचे, ही माझी जुनी सवय. टायरवर हळद-कुंकू होते. यंत्राच्या दांड्यावर होते. लोखंडी कपाटाच्या दारावर, तिजोरीवर, अगदी पान्यावरही होते, आणि त्यांवर सुकलेली शेवंतीची फुले. खंडेनवमीला जावई ऑफिसात असताना तांदूळ आणायला म्हणून केलरच्या दाराची दुसरी किल्ली घेऊन मीच खाली आलो होतो. चौतीस वर्षे ठाण्यात शस्त्रपूजन केलेला माणूस मी, ते सामान पाहून मला राहवले नव्हते. झेंडू मिळाला नाही म्हणून सुपरमार्केटमधल्या शेवंतीवर भागवले होते. हळदीत पाणी जरा जास्त घातले होते, म्हणजे अक्षता नीट चिकटाव्यात.

त्या खोलीत फक्त एकच वस्तू लख्ख पुसलेली होती. काटा.

मी काट्याजवळ गेलो. दांडीच्या दारूच्या वाटीपासून दूरच्या टोकाला, खाचेत, पिवळी रेघ राहिली होती. तिथेच मी अंगठ्याने हळद-कुंकू लावले होते आणि वर अक्षता टेकवल्या होत्या. त्या टोकाला वजन वाढले, म्हणून काटा बरोबरीत यायला वाटीत दारू जास्त घालावी लागली. प्रत्येक वेळी, सारखीच जास्त.

"तुम्ही हे पाहिलं होतं?" मी विचारले.

"पाहिलं होतं. दसऱ्याला भरायला बसलो तेव्हाच." तो खाली बघत होता. "बाबा, तुम्ही पूजा केली होती. ते कुंकू पुसायला हात होईना. वाटलं, एवढासा ठिपका, काय फरक पडणार? काटा आधीच झिरो केलेला होता. रेंजवर बोल्ट अडकला तेव्हा क्षणात कळलं. घरी आलो आणि आधी तो पुसला."

"मला का नाही सांगितलंत?"

"कसं सांगणार? तुम्ही मनापासून केलं होतं. आणि तुमचं नाव आलं असतं तर क्लबने विचारलं असतं, बाहेरचा माणूस तिथे कसा?"

मी टायरवर बसलो. मला त्याचा राग आला, त्याहून स्वतःची लाज वाटली. माझ्या मुलीच्या नवऱ्याचा डोळा मी घालवला असता, फुले वाहून.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे क्लबात गेलो. आयुष्यात हजारो जबाब लिहून घेतले, स्वतःचा जबाब पहिल्यांदाच दिला. जावयाने तो शब्दशः जर्मनमध्ये सांगितला, त्यातला एकही शब्द मवाळ केला नाही. दारूच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे कधीच नव्हती, हेही सांगितले. सुरक्षा प्रमुखांनी कुंकू म्हणजे काय ते विचारले, लिहून घेतले. मग मला म्हणाले, "हात लावण्याआधी यांना विचारलं होतं का?"

"नाही."

जावयाला म्हणाले, "तुम्हाला दिसलं, तेव्हा यांना सांगितलंत का?"

"नाइन, नाही."

"मग चूक काट्याची नाही," ते म्हणाले. प्रकरण कचेरीकडे गेले नाही. मात्र पुढची तीन वेळची भरणी त्यांच्या देखत करायची, आणि दर वेळी वहीची पहिली ओळ काटा शून्यावर असल्याची, असे त्यांनी ठरवून दिले. जावयाने तिथेच मान डोलावली, "गेनाऊ, अगदी बरोबर."

निवृत्तीच्या समारंभात एक हवालदार हसत हसत म्हणाला होता, "साहेब, तुमची ती नाकाबंदीची जागा चुकीची होती बरं का. सगळ्या ठाण्याला माहीत होतं." तेव्हा मीही हसलो होतो. सात महिने मी माणसे त्या चुकीच्या जागी उभी केली आणि एकाने तोंड उघडले नाही. त्याला मी माझा दरारा समजत होतो. केलरमधल्या टायरवर बसलो तेव्हा कळले की तो दरारा नव्हता. माझी चूक, माझ्या हातच्या कुंकवासारखी, पुसायला कोणाचा हात होत नव्हता, एवढेच.

यंदा खंडेनवमीला आम्ही घरी होतो. जावयाने व्हिडिओ कॉल केला आणि फोन टेबलावर फिरवला. यंत्रावर कुंकू, टायरवर कुंकू, काट्याच्या शेजारी एक फूल, काट्यावर काही नाही.

"दिसतंय ना, बाबा? काट्याला मी हात लावू देणार नाही. तुम्हालासुद्धा."

"बरोबर आहे," मी म्हणालो.

"आणि एक सांगू? मागच्या वर्षी तुमची हळद फार पातळ झाली होती."

बायको मागून हसली. मी मात्र त्याला म्हणालो, "जावईबापू, हे त्याच दिवशी सांगायचं होतं."