तिघांपैकी दोघांचं मराठी

आमच्या कामाचे किस्से साचत जातात, कारण ते बाहेर कुणाला सांगता येत नाहीत. सांगायला बसलं की आधी काम समजावून सांगावं लागतं, आणि तेवढ्यात समोरच्याचा चहा संपतो!

तर आधी काम. नवीन जालन्यात, बियाण्यांच्या एका दुकानाच्या वर आमचं ऑफिस आहे. तिथे आम्ही तिघं कॉम्प्युटरला मराठी शिकवतो. ज्या वाक्याचे दोन अर्थ निघतात, ते तिघांनाही आपापल्या स्क्रीनवर दाखवतात. दोघं जे म्हणतील ते बरोबर. अशी ढीगभर उत्तरं मोजून मशीन ठरवतं, की पुढच्या वेळी कोणता अर्थ धरायचा.

*

माझे मामा एमआयडीसीत स्टीलच्या कारखान्यात आहेत. त्यांना हे सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, तुमचं आपसात पटलं नाही तर? म्हटलं, जिकडे जास्त मतं, तो अर्थ.

"मंग ही ग्रामपंचायतच झाली की!"

*

आमचे जाधव सर म्हणजे मराठीचे रिटायर्ड मास्तर. एकदा वाक्य आलं, ‘दगडूनं बैलाला पाणी पाजलं. मग झाडाखाली बसला.’ बसला कोण? मशीनने परस्पर बैल ठरवून टाकला होता. त्याने वाचलेल्या मजकुरात झाडाखाली बसणारे बैलच जास्त होते ना!

सर म्हणाले, "दगडूला बसू द्या की राव. तोबी सकाळपासून राबून राह्यलाय."

मग एकमताने दगडू बसला.

*

तिसरी रेखा. परतूरहून रेल्वेने येते. आमच्या स्क्रीनवर प्रत्येकाची ‘जुळणी’ दिसते, म्हणजे बाकी दोघांशी त्याचं किती पटतं ते. ती फार घसरली की काम बंद. रेखाची सारखी घसरायची.

‘आजी-आजोबा दवाखान्यात गेले. डॉक्टरांना सगळं नीट सांगितलं.’ सांगितलं कोणी? सर आणि मी म्हणालो आजोबा. रेखा म्हणाली आजी. का, तर तिचे आजोबा डॉक्टरसमोर नुसती मान हलवतात. मला हसू आलं. मग लक्षात आलं, आमच्या घरीही तसंच आहे! पण तोवर आमचं उत्तर गेलं होतं.

एक दिवस पुण्याच्या मुख्य ऑफिसातून साहेबांचा फोन आला. महिनाअखेरपर्यंत जुळणी सुधारली नाही तर रेखाला थांबवावं लागेल, म्हणाले. नोकरी आहे म्हणून तिचे काका स्थळं आणायचे थांबले होते, हे आम्हाला ठाऊक होतं. मला फार वाईट वाटलं.

*

तोडगा सरांनी काढला.

"पोरी, तुला काय वाटतं ते सोड. आम्हाला काय वाटंल ते लिही."

जन्मभर पोरांना ‘स्वतःच्या मनाने उत्तर लिहा’ म्हणून छड्या मारणारा हा माणूस! मला रागच आला. पण दुसरं काही मलाही सुचत नव्हतं.

रेखाची जुळणी चढत चढत आमच्याही वर गेली. साहेबांनी व्हिडिओ कॉलवर कौतुक केलं, रेखाताईंना आता मराठी छान समजायला लागलं म्हणून. सर त्या दिवशी लवकर घरी गेले.

*

कामाला लागलो तेव्हा आमच्याकडूनही घरच्या बोलण्यातली वाक्यं घेतली होती. तीही अधूनमधून येतात. परवा एक आलं, ‘आई-बाबा कापूस घेऊन मोंढ्यात गेले. भाव पटला नाही म्हणून टेम्पो परत आणला.’ कोणी आणला? मी बाबा लावलं. सरांनी बाबा. रेखानेही बाबा. पूर्ण एकमत!

डबा खाताना मी सहज विचारलं, हे कुणाच्या घरचं असेल?

"माझ्याच," रेखा म्हणाली. "बाबा तर विकायला तयार झाल्ते. आई टेम्पोसमोर हुबी राह्यली अन् म्हणली, चला माघारी."

"अगं, मग तू बाबा का लावलंस?"

तिने भाकरीचा तुकडा मोडला.

"तुम्ही दोघं बाबाच लावणार होता ना."