रविवारची फाइल

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. आता बसलाय असंही नाही. मी कॉम्प्युटरवाली आहे. काहीही घडलं की लॉगमध्ये त्याची नोंद सापडते, एवढंच मला माहीत होतं. या ग्रुपवर मी नुसती वाचते. आज पहिल्यांदा लिहितेय... मराठी चुकलं तर सांभाळून घ्या.

२०१६. घोलवडहून मी रोज तलासरीला एका ट्रस्टच्या दवाखान्यात जायचे. पहिलीच नोकरी. पाड्यांवर शिबिरं घेऊन मुलांचं रक्त सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारासाठी तपासलं जाई, आणि ते रिपोर्ट डेटाबेसमध्ये ठेवणं माझं काम. डेटाबेस चालवणारा सर्व्हर प्रोग्राम ओपन सोर्स, म्हणजे फुकट मिळणारा. शिबिरांआधी मी त्याची नवी आवृत्ती बसवली – आमच्या जुनाट मशीनसाठी ती तयार मिळेना, म्हणून सोर्सकोडवरून स्वतः बिल्ड केली. आठवडाभर एररशी झटून ती चालली तेव्हा कोण अभिमान वाटला होता! बॅकअपची स्क्रिप्ट रोज दुपारी एक फाइल टाकायची. फाइल दिसली की मी वहीत टिक करायचे. उघडून एकदाही पाहिली नाही.

शिबिरांनंतर डेटा साफ करताना नावाच्या रकान्यात दिसलं – सोमी, मंगळ्या, बुधी, शुक्र्या... मला वाटलं, हे वार आहेत. कुणीतरी ट्रायलला टाकलेल्या ओळी असणार. शेजारीच पद्मा सिस्टर होत्या, तलासरीच्याच. विचारायला हवं होतं. पण मी इंग्लिश मीडियमची, आणि त्या सगळ्यांसमोर म्हणायच्या, "मॅडम, सदतीस म्हणजे किती, सांगा बघू!" मी न विचारताच त्या ओळी डिलीट केल्या. स्क्रीनवर आकडा आला – 37.

दोन आठवड्यांनी, सोमवारी सकाळी, एक बाई मुलीला पाठुंगळी घेऊन आली. नऊ-दहा वर्षांची पोर, हातपाय दुखून कळवळत होती.

डॉक्टर म्हणाले, "शिबिरातला रिपोर्ट काढा पटकन. नवा यायला चार दिवस जातील."

"नाव?" मी विचारलं.

"बुधी."

"वार नको हो, नाव सांगा."

बाई माझ्याकडे बघतच राहिली. "बुधवारी झाली म्हणून बुधी. आनखी काय नाव ठेवायचा?"

पद्मा सिस्टर खो-खो हसल्या. "अहो मॅडम, ही आई शुक्री, मामा सोम्या. अख्खा आठवडा एका घरात असतो इथे!" मग त्यांनी माझा चेहरा पाहिला, आणि हसू थांबलं.

मी बॅकअप उघडले. जुन्यापासून एकेक करत. प्रत्येकात वरच्या चार ओळी आणि खाली काही नाही. सर्व्हर नवा होता, पण माझी स्क्रिप्ट जुन्याच बॅकअप प्रोग्रामला हाक मारत होती. तो सुरू होऊन लगेच बंद पडायचा. मागे बुधी कण्हत होती. "दोन मिनिटं, सर," मी म्हणाले. का म्हणाले, माहीत नाही.

शेवटची फाइल आदल्या दिवसाची होती. रविवारची. रविवारी दवाखान्याला कुलूप असतं. शनिवारी सिस्टर मेन स्विच बंद करून जातात. ती फाइल भरलेली होती. बाकीच्या शेकडो मुलांपैकी एकही नाव त्यात नव्हतं. फक्त माझ्या सदतीस ओळी – सोमवारपासून रविवारपर्यंत, वारांच्या क्रमाने लावलेल्या.

बुधीला सिकलसेल होता. रक्तगटासकट सगळं त्यात मिळालं. डॉक्टरांनी लगेच सलाईन लावलं, पुढे मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथल्या तपासणीतही तेच निघालं. पोर बरी होऊन घरी गेली.

"कुठून आणलंत?" डॉक्टरांनी विचारलं होतं.

"बॅकअपमधून."

"शाब्बास!" ते म्हणाले. मी मान खाली घातली. त्यांना वाटलं, लाजले.

नंतर लॉग पाहिले, मशीनचं घड्याळ तपासलं. शनिवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ मशीन बंदच होतं. ती फाइल कुणी लिहिली, मला अजून ठाऊक नाही. त्या मुलांना कुणी पुसलं होतं, ते ठाऊक आहे... आणि ते मी आज इथे पहिल्यांदा सांगतेय.