मामाची चटणी सुटली

आमच्या घराण्यात पदवी मिळवणारी मी पहिली, आणि त्याचं श्रेय माझ्या मामाला. करकंबहून सोलापूरला शिकायला आले ती त्याच्याच घरी राहिले. तो शाळेच्या मुलांची व्हॅन चालवायचा. परीक्षेच्या दिवसांत मलाही कॉलेजवर सोडायचा आणि जाताना हमखास बजावायचा, "पेपर कोरा ठिवू नगंस."

दोनेक वर्षांपूर्वी, थंडीतल्या एका रविवारी मामा मोटारसायकलवरून मित्राच्या रानात हुरडा खायला गेला. हुरड्याबरोबर बाटलीही निघाली. परतताना नाक्यावर पोलीस दिसले. तशी त्यानं उरलेली लसणाची शेंगाचटणी पुडीतून काढून मूठभर तोंडात कोंबली आणि मोठ्या विश्वासानं यंत्रात फुंकर मारली. यंत्राला लसणाचं काही वाटलं नाही.

मला फोन आला. "पोरी, मशीन बिघडलंय. तू शिकलेली हाईस, साहेबाला इंग्रजीत सांग की!"

माझी पदवी मराठीची. तरी गेले. साहेब शांतपणे म्हणाले, "ताई, आकडा इंग्रजीतच आलाय."

कोर्टात मामानं गुन्हा कबूल केला. दंड झाला, लायसन्स काही महिन्यांसाठी निलंबित झालं. दारू पिऊन चालवली मोटारसायकल, पण लायसन्स एकच, त्यामुळं व्हॅनही दारात उभी राहिली. आयांनी मुलं रिक्षांत बसवली. मामा उंबऱ्यावर बसून त्या रिक्षा बघायचा. मामी म्हणायची, "व्हॅनला हळदकुंकू लावा की, देवासारखी बसलीया."

पुडीची गोष्ट तिनंच गल्लीभर रंगवून सांगितली होती.

लायसन्स परत मिळालं. दारू मामानं तोवर सोडली होती. पण मुलं परत येतील का, याची त्याला धास्ती होती. पहिल्याच सकाळी एक आई लेकीचा हात धरून व्हॅनपाशी आली, खिडकीत वाकली आणि थबकली.

"मामा, लसणाचा वास येतोय."

"भाकरीसंगं चटणी खाल्ली, ताई. शपथ, दुसरं काय न्हाय."

"तेव्हापण चटणीच खाल्ली होती ना?"

ती लेकीला घेऊन परत गेली.

दुसऱ्या दिवशी मामा दही-भाकरी खाऊन निघाला. त्या बाईंनी विचारायच्या आतच त्यानं खिडकीतून तोंड बाहेर काढून फुंकर मारली. त्या हसल्या आणि लेकीला व्हॅनमध्ये बसवलं. हळूहळू बाकीची मुलंही आली.

कोर्टाची शिक्षा केव्हाच संपली. गल्लीची अजून चालू आहे. सोलापूरचा माणूस, पण सोमवार ते शनिवार चटणी बंद! रविवारी शाळा नसते. त्या दुपारी मामी त्याच्या ताटात चटणी वाढते, चमचाभरच.