छत्री कोणी उघडावी

मी एका शब्दाचा अर्थ अर्धाच सांगितला आणि अर्धा पोटात ठेवला. लोभापायी ठेवला. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढे स्वतःची बाजू सावरण्याचा मोह होणार नाही.

अमेरिकेत लढाई लागली आणि आमच्या वऱ्हाडच्या कापसाला विलायतेतून एकाएकी मागणी आली, त्या दिवसांतली ही गोष्ट. अमरावतीत माझी भिक्षुकी होती. तिवशाकडचे एक म्हातारे पाटील माझे यजमान. त्यांनी बैलांना घुंगुरमाळा घेतल्या आणि स्वतःला मुंबईहून आलेली काळ्या कापडाची छत्री. बाजाराला जाता जाता ते ती घेऊन माझ्या ओट्यावर आले.

"महाराज, छत्री छत्री म्हंतात, त्याचा अर्थ काय? घेतली खरी, पन काय घेतलं ते तं समजलं पाहिजे."

शिसवी मुठीची ती छत्री मी हातात घेतली आणि मला ती सोडवेना. 'छद्' म्हणजे झाकणे, झाकते ते छत्र, आणि लहान छत्र ती छत्री. एवढे सांगितले असते तर भागले असते. पण मी म्हणालो, "पाटील, छत्र असतं देवाच्या डोक्यावर, नाहीतर राजाच्या. आणि मेलेल्याला यमाच्या वाटेवर ऊन लागू नये म्हणून तेराव्याला ब्राह्मणाला छत्री दान देतात. जित्या संसारी माणसानं आपल्या हातानं आपल्यावर धरायची ही वस्तू नव्हे."

यातले शेवटचे वाक्य माझ्या पदरचे होते.

पाटलांनी छत्री माझ्या हातातून परत घेतली. "मंग मी मेल्यावर तुमालेच देईन," ते म्हणाले. "तोवर जपतो."

आणि त्यांनी जपली. दर बाजाराला छत्री फडक्यात गुंडाळून काखेत, पागोट्यात कडुलिंबाचा पाला खोचलेला, असे ते येत. माझ्या ओसरीत, सावलीत, कापडाला कसर लागली नाही हे उलगडून दाखवत. मी तब्येत विचारायचो.

"तुमच्याइतकी काळजी माहा पोरगाबी करत नाई," ते म्हणायचे.

त्यांनी हा अर्थ बाजारभर सांगितला. त्या साली छत्र्या बऱ्याच जणांनी घेतल्या होत्या. चैत्रातल्या उन्हात गाड्यांच्या रांगेत माणसे मिटलेल्या छत्र्या काखेत मारून उभी राहू लागली. एकाने मला विचारले, "बैलावर धरली तं चालते का, महाराज?" मला नंदी आठवला. मी "चालते" म्हणालो. पुढच्या बाजाराला बैल सावलीत आणि मालक उन्हात. अकोल्याहून आलेला एक दलाल म्हणाला, "इथं बैलांना गादीवर कधी बसवलं?" मला हसू आले नाही. पण खुलासाही मी केला नाही.

वैशाखात पाटील आपल्या गाडीशेजारी कोसळले. मी धावलो. तोंड लालबुंद, अंग तव्यासारखे. त्यांची मिटलेली छत्री एका गाडीवानाने उचलली होती आणि तो माझ्याकडे पाहत होता.

"महाराज, लवकर सांगा. मेले असन तं उघडतो. जिते असन तं कशी उघडू?"

"थांब जरासा," दुसरा म्हणाला. "श्वास चालू हाय अजून."

त्या क्षणीही छत्रीचे कापड कुठे फाटले तर नाही ना, हे मी पाहिले. मग ती हिसकावली आणि उघडून पाटलांवर धरली. कोणीतरी त्यांच्यावर मडकेभर पाणी ओतले. बऱ्याच वेळाने पाटलांनी डोळे उघडले. वर काळे कापड दिसले.

"मेलो काय मी?"

"नाही, पाटील."

"मंग हे काहून उघडलं?"

तेव्हा मी सगळ्यांसमोर सांगितले. छत्री म्हणजे झाकणारी, कोणालाही झाकणारी. हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. छत्री मला हवी होती.

पाटलांनी कापडावरची नजर माझ्याकडे वळवली. "म्हंजे तुमी माही तब्येत पुसत होते, ते..."

"हो. त्याचसाठी."

माझा हात भरून आला होता, पण ऊन तसेच होते, छत्री खाली करता येईना. ती तशीच धरून मी म्हणालो, "पाटील, मी तुमच्या मरणाची वाट पाहत होतो. माझं चुकलं. मला माफ करा."