लॅबचे इन्चार्ज आणि गेलेली लाइट

सोलापुरातल्या आमच्या कॉलेजात कॉम्प्युटर लॅबचे एक इन्चार्ज आहेत. मशीन अडलं की ते चष्मा कपाळावर चढवतात आणि समोरच्याला विचारतात, "तुमी कुटं हात लावला?" मशीन निर्दोष आणि माणूस गुन्हेगार, हा त्यांचा सिद्धांत.

यंदा प्रॅक्टिकलला नवा कंपायलर, म्हणजे लिहिलेला प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत उतरवणारं सॉफ्टवेअर, सक्तीचा झाला. लॅबमधली ऑपरेटिंग सिस्टिम इतकी जुनी, की बनवणाऱ्यांनीही तिला वाऱ्यावर सोडलेलं. कंपायलर म्हणे, आधी मला बसवून देणारा नवा पॅकेज मॅनेजर आणा. पॅकेज मॅनेजर म्हणे, आधी नवा कंपायलर आणा.

मी त्यांचा लॅब असिस्टंट. म्हटलं, "सर, सिस्टिमच बदलू या."

"लई घाई तुमाला. हुतंय की!"

मग आठवडाभर ते तीच कमांड टाइप करत राहिले. दर वेळी एन्टर फक्त थोडा जास्त जोरात दाबायचे.

परीक्षेच्या सकाळी अर्थातच एकाही मशीनवर प्रोग्रॅम चालेना. मुलं रडकुंडीला आली. बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, "नियमानं सगळ्यांना शून्य द्यावं लागेल."

तेवढ्यात लाइट गेली.

"आता काय करणार साहेब?" इन्चार्ज हळहळले. "लाइटीपुढं कुणाचं चालतंय? पोरांना कागदावर लिहू द्या."

परीक्षकांचा नाइलाज झाला. मुलांनी प्रोग्रॅम कागदावर लिहिले आणि सगळी पास झाली.

मी दाराशीच उभा होतो. मेन स्विच खाली ओढणारा हात मला स्वच्छ दिसला होता. त्या आठवड्यात इन्चार्जनी केलेली ती एकमेव यशस्वी दुरुस्ती. परीक्षक विजेच्या नावानं बोटं मोडू लागले, तेव्हा मीही दोन मोडली.