दहा कोऱ्या फ्लॉप्या

गुणवंतराव कापगते चाळीस वर्षं नाटकात होते आणि एकदाही प्रेक्षकांना दिसले नाहीत. ते प्रॉम्प्टर होते. दिवाळी झाली की पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत मंडईच्या जत्रा भरतात, बैलांच्या शर्यतींचे शंकरपट होतात, आणि वडशातल्या नाटक कंपन्या आज आरमोरी, उद्या ब्रह्मपुरी अशा गाड्या हाकतात. नटांना पाठांतराला वेळ नसतो. विंगेत स्टुलावर बसून, मांडीवर वही ठेवून, एकेकाला त्याचं वाक्य अर्धा श्वास आधी पुरवायचं, हे गुणवंतरावांचं काम. बायको गेली तेव्हा मुलगी रीता नऊ वर्षांची होती. तिला त्यांनी याच कामावर वाढवलं, बी.कॉम. केलं, नागपूरला कॉम्प्युटरच्या कोर्सला पाठवलं.

या माणसाने आयुष्यात एकच नाटक स्वतः लिहिलं. ‘तिसऱ्या मुलीचं माहेर’. त्यातली माय, सगुणा, ही रीताची आई होती. म्हणजे गोष्ट बनावट, पण बोलणं तिचं. भांडताना ती कशी अर्ध्यावर थांबून चुलीकडे बघायची, पोरीला रागावताना आधी तिच्या डोक्यावरून हात कसा फिरवायची, मग काय म्हणायची, ते सगळं त्यांनी तिच्या पात्रात घातलं होतं. घरात तिचा एकच फोटो होता, तोही लग्नातला, मान खाली घातलेला. आवाज तर कुठेच नव्हता. रीताला आईचं बोलणं आठवत नसे. ती ते त्या वहीतून वाचत असे.

वह्यांच्या बाबतीत गुणवंतरावांचा नियम कडक होता. एका नाटकाची एकच वही. दुसरी प्रत झाली की दुसरी कंपनी नाटक उचलते, नाव बदलून लावते, हे त्यांनी दोनदा भोगलं होतं. म्हणून होळीनंतर ते खेळात झालेले बदल धरून नवी वही उतरवत, आणि नवी पूर्ण झाली की जुनी वैनगंगेत सोडत. हात जोडून, चप्पल काढून.

१९९९ मध्ये रीताने घराच्या ओट्यावर कॉम्प्युटर सेंटर काढलं. नवरा सिरोंच्याला मास्तर, सुट्टीत यायचा. छोटी लेक पायल पाळण्यात, आणि पाळण्याशेजारी जोडजाड करून आणलेला कॉम्प्युटर. रीताचा त्या यंत्रावर जीव होता. लग्नपत्रिका, नाटकांची पोस्टरं, बचतगटाचे अर्ज असं सगळं ती त्यावर काढायची. पलीकडची धानाची गिरण सुरू झाली की व्होल्टेज पडायचं आणि पडद्यावरचं चित्र आक्रसून थरथरायचं. तेव्हा ती यंत्रावर हात ठेवून बसायची, तापल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा.

“ज्यानं हे बनवलं त्यानं वडसा पायलं नसन,” गुणवंतराव म्हणायचे.

“त्यानं जग पायलं बाबा.”

“मंग गिरण काऊन नाई पायली?”

त्यांना यंत्राचा राग नव्हता. माईक आला तेव्हा नटांचे गळे वाचले, हे ते कौतुकाने सांगत. पण कॉम्प्युटरबद्दल त्यांचं एक मत ठाम होतं. वही भिजली तर उन्हात घालता येते, फाटली तर खळ लावता येते, उंदराने कुरतडली तर किती कुरतडली ते दिसतं. याच्या पोटात काय आहे ते याला विचारल्याशिवाय कळत नाही, आणि हे सांगेल तेच खरं मानावं लागतं. रीता हसायची. तिच्या मते कागदासारखी कच्ची वस्तू नव्हती. कॉम्प्युटर कंपन्यांच्या पुस्तिका ती जपून ठेवायची. फ्लॉपीच्या डब्यावर सोनेरी शिक्क्यात ‘आजीवन हमी’ छापलेलं होतं. तो डबा तिने शोकेसमध्ये ठेवला होता.

दोन हजार सालच्या होळीनंतर गुणवंतराव नवी वही उतरवायला बसले आणि ओळीवर ओळ चढू लागली. नागपूरच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. राहिली आहे ती नजर सांभाळा, म्हणाले.

“मी टाइप करतो ना बाबा,” रीता म्हणाली. “एकदा आत गेलं का जन्माचं राह्यलं. पुढच्या साली खोडायचं तेवढंच खोडायचं.”

तो उन्हाळा दोघांचा फार चांगला गेला. दुपारी कूलरसमोर ती वही वाचायची, ते डोळे मिटून ऐकायचे, बदल सांगायचे, ती कीबोर्ड बडवायची. सगुणेचे संवाद आले की ती हळू व्हायची. एकदा तिने विचारलं, “आई खरंच असं म्हणे?” गुणवंतरावांनी डोळे मिटलेलेच ठेवले. मग म्हणाले, “याच्याहून बरं म्हणे.”

तीन अंक, तीन फ्लॉप्या. छापील प्रत लगेच काढायची नाही असं ठरलं, कारण पावसाळ्यात पान फुगतं आणि त्या प्रिंटरची शाई पसरते. दिवाळीच्या तोंडावर काढू. राहिला प्रश्न कॉम्प्युटरमधल्या प्रतीचा. रीताच्या सेंटरवर सगळ्याच कंपन्यांची माणसं पोस्टर करायला येत.

“मशीनमधलं पुसून टाक,” गुणवंतराव म्हणाले. “एका नाटकाची एकच वही.”

रीताला कोर्समध्ये शिकवलं होतं की दोन प्रती ठेवा. पण कोर्स शिकवणाऱ्याचं नाटक कोणी चोरलं नव्हतं. तिने बाबांना शेजारी बसवून बटण दाबलं.

“गेलं?”

“गेलं.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी वही नदीत सोडली. धनराजने त्यांना हाताला धरून घाटावर नेलं. धनराज हा कंपनीचा साउंडवाला, घरच्यासारखा. रीताला त्या वेळी थांबवता आलं असतं. ते तिने पुढे अनेकदा मनात म्हटलं. पण तिला अभिमान वाटला होता. बाबांनी आईला तिच्या हवाली केलं होतं.

घराचं छप्पर गळायचं. मृग लागण्याआधी गुणवंतरावांनीच सुचवलं की धनराजच्या गोदामात ठेवू. अख्ख्या वडशात कोरडी जागा म्हणजे त्याच्या भोंग्यांची लाकडी पेटी. आतून नमद्याचं जाड लोकरी कापड लावलेली, तिच्यात मुंगीही शिरत नाही.

“माह्या लेकरापेक्षा जास्त जपतो मी त्या पेटीले, गुणवंतभाऊ,” धनराज म्हणाला, आणि तीन फ्लॉप्या प्लास्टिकमध्ये बांधून मोठ्या स्पीकरच्या पाठीशी, लोखंडी चकतीला टेकवून ठेवल्या. ती चकती म्हणजे ताटलीएवढं लोहचुंबक होतं. धनराजला ते रोजचंच, पाने-स्क्रू हरवू नयेत म्हणून तो तिथेच चिकटवायचा. रीताने ती पेटी आतून कधी पाहिली नव्हती.

श्रावणात चंदाबाई वारली. सगुणेचं काम तीच करायची. पहिल्या खेळापासून तिच्याशिवाय ते कोणी केलंच नव्हतं. यंदाच्या सीझनआधी तिला कावीळ झाली. गुणवंतराव तिच्या मातीला साकोलीपर्यंत गेले आणि परत आल्यावर म्हणाले, “आता नवी सगुणा पाहा लागन. नाटक हाय ना आपल्याजवळ.”

दसऱ्याला रीताने पहिली फ्लॉपी घातली. यंत्र जरा घुरघुरलं आणि पडद्यावर इंग्रजीत पाटी आली की ही डिस्क फॉरमॅट केलेली नाही, आत्ता करायची का, म्हणजे उरलंसुरलं पुसून कोरी? दुसरी घातली. तीच पाटी. तिसरीलाही तीच. घरातलं माणूस गेल्यावर कोणी दारात येऊन, खोली झाडून देऊ का, असं अदबीने विचारावं तसं ते होतं. रीताने प्रत्येक वेळी ‘नाही’ वर बोट दाबलं.

“काय झालं?” गुणवंतरावांनी विचारलं. त्यांना पडदा दिसत नव्हता, पण तिचा श्वास ऐकू येत होता. दुसऱ्याचा श्वास ओळखण्यातच त्यांचा जन्म गेला होता.

“काई नाई बाबा. लाइटीचं झालं.”

ती नागपूरला गेली. दुरुस्तीवाल्या माणसाने फ्लॉप्या पाहिल्या, कुठे ठेवल्या होत्या ते विचारलं आणि मान हलवली. स्पीकरच्या चुंबकाने फ्लॉपी पुसली जाते, असं त्याने सांगितलं. मग म्हणाला, “मशीनमधून उडवली ती फाइल लगेच जात नाही, मॅडम. तिच्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत तिथंच असते. तुम्ही तेव्हाच आला असता तर निघाली असती.”

“मध्ये चार महिने गेले.”

“काय काय केलं त्यावर?”

काय नव्हतं केलं? पत्रिका, मतदार याद्या, दुसऱ्या कंपन्यांची पोस्टरं. आईच्या बोलण्यावर तिने स्वतःच्या हाताने इतरांची लग्नं छापली होती. परतीच्या एसटीत तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत राहिली. या यंत्रात पुसलेलं पुसलेलं नसतं आणि जपलेलं जपलेलं नसतं, आणि हे आपल्याला पुस्तिकेच्या कोणत्याच पानावर कोणी साध्या शब्दांत का सांगितलं नाही?

घरी आल्यावर तिने बाबांना सांगितलं. ते उठले, मोरीवर जाऊन तोंड धुतलं, परत आले. “धनराजले सांगू नको,” एवढंच म्हणाले. “मरन तो.”

सोनेरी शिक्क्याचा डबा तिने शोकेसमधून काढला आणि फ्लॉपीच्या कंपनीला पत्र लिहिलं. चार पानी. काय गेलं, ते कोणाचं होतं, सगळं. आजीवन हमी म्हणजे कोणाच्या जीवनाची, असंही विचारलं. दीड महिन्याने कुरिअर आलं. तिने ते ओट्यावरच फाडलं. आत दहा फ्लॉप्यांचा नवाकोरा डबा होता आणि छापील चिठ्ठी: सदोष उत्पादनाबद्दल दिलगिरी, हमीनुसार बदली माल पाठवत आहोत.

रीता तेव्हा पहिल्यांदा मोठ्याने रडली. पायल घाबरून आजोबांना बिलगली.

गुणवंतरावांनी एक फ्लॉपी मागून घेतली, दोन्ही बाजूंनी चाचपली. “कोरी हाय का भरली, हात लावून समजत नाई,” म्हणाले. आणि थोड्या वेळाने, “कंपनीचं चुकलं नाई बाई. तिनं डबा इकला, डबा देल्ला. आत काय ठेवलं ते तिले काय मालूम?”

“त मंग हमी कायची लिवतात?”

“डब्याची.”

हा समजूतदारपणा रीताला सहन झाला नाही. त्यापेक्षा त्यांनी तिला बोल लावला असता तर बरं झालं असतं.

“बाबा, तुमाले तरी पाठ असन ना. इतके खेळ झाले.”

ते कसनुसं हसले. “प्रॉम्प्टरनं पाठ करू नाई. पाठ झालं का नजर सुटते, नट एक वाक्य गिळते आन् आपण पुढचं देऊन बसतो. म्या आयुष्यभर दररोज पयल्यांदा वाचल्यासारखंच वाचलं.”

मग ती नटांकडे गेली. एका वहीत हाताने लिहून घेत गावोगाव फिरली. ज्याला त्याला स्वतःचं काम आठवत होतं, दुसऱ्याचं नाही. बापाचं काम करणारा आरमोरीला हातगाडीवर भजी तळत होता. त्याने तळता तळता दोन अंकांतलं आपलं काम म्हणून दाखवलं आणि सगुणेची जागा आली की झारा हवेत धरून म्हणायचा, “इथी चंदाबाई काईतरी बोले, अन् लोक रडत.” थोरली मुलगी, मधली, धाकटी, सावकार, सगळे मिळाले. नाटक परत उभं राहिलं, फक्त त्यात माय नव्हती. सगळे तिला विचारत होते, तिला उत्तरं देत होते. मध्ये तिच्या जागा कोऱ्या.

गुणवंतरावांनी भरून पाहिलं. ओट्यावर बसून ते सगुणेचे संवाद सांगू लागले आणि रीता लिहू लागली. चार-पाच वाक्यं झाली. ऐकायला चांगली होती, कोणत्याही नाटकात शोभली असती.

“खोड,” ते म्हणाले. “हे ती नाई बोलली.”

पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा खोडायला लावलं. मूळ लिहिलं तेव्हा बायकोला जाऊन फार दिवस झाले नव्हते. तेव्हा ते ऐकून लिहीत होते. आता ऐकू येत नव्हतं. तिसऱ्या दिवशी ते लिहायला बसलेच नाहीत.

सेंटर रीताने बंद केलं नाही, करता आलंही नसतं. २००३ पर्यंत नवा कॉम्प्युटर आला, त्यात फ्लॉपीऐवजी चकचकीत सीडीवर सगळं उतरवायचं. विकणाऱ्याने सांगितलं, शंभर वर्षं टिकते. रीताने त्याच्याकडे पाहिलं आणि तो बिल लिहायला लागला. गिऱ्हाइकांना ती छापील प्रत घेतल्याशिवाय जाऊ द्यायची नाही. लोक तिला भित्री म्हणायचे. पायलच्या शाळेच्या वह्या, तिने कागदाच्या कपट्यावर मारलेल्या रेघोट्यासुद्धा, रीता घरातल्या पेटीत ठेवायची आणि ती पेटी महिन्यातून एकदा उघडून बघायची.

तोवर गुणवंतरावांची नजर पूर्ण गेली होती. एका उन्हाळ्यात, दुपारी, ते आपणहून म्हणाले, “ते वही काढ बरं. मी प्रॉम्प्टर होतो जन्मभर. आज तू हो, मी ऐकतो.”

रीता वाचू लागली. बापाचं वाक्य, मधलीचं वाक्य. मग तिसरी मुलगी ओटी घेऊन निघते ती जागा आली. “माय, मी जातो वं,” रीताने वाचलं, आणि खालची कोरी ओळ बघून पटकन पुढे सरकली.

“थांब,” गुणवंतराव म्हणाले.

त्यांनी उजव्या हाताचं बोट वर केलं. विंगेत बसून नटाला, अजून नाही, अशी खूण करताना करत तसंच. ओठ हलले नाहीत. गिरणीचा आवाज येत होता. रीता त्यांच्या बोटाकडे पाहत राहिली. फार वेळ गेला, तिला वाटलं विसरले, आणि मग बोट एकदम खाली आलं.

“आता मुलीचं घे.”

शब्द गेले होते, पण ते म्हणायला सगुणेला किती वेळ लागायचा हे त्यांच्यात राहिलं होतं. पुढच्या कोऱ्या जागेला बोट लगेच खाली आलं. तिथे ती दोनच शब्द बोलली असणार. त्यानंतरच्या जागेला ते मध्येच एकदा थरथरलं आणि पुन्हा स्थिर झालं.

“इथी ती चुलीकडे पाहे,” ते म्हणाले.

रीताने पेन घेतलं आणि कोऱ्या ओळीवर तेवढंच लिहिलं. चुलीकडे पाहते. मग पुढचं वाक्य वाचलं आणि पुन्हा त्या बोटाकडे पाहत थांबली.