कुत्रे कोणाचे?

पिसांनी भरलेलं ते परस अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. आमच्या घरचे तेव्हा वाशीमकडच्या एका ठाण्यावर जमादार होते. आता ते पेन्शनीत आहेत आणि ओसरीवर बसून लोकांना दरोड्यांच्या गोष्टी सांगतात. ही गोष्ट ते सहसा सांगत नाहीत, कारण हिच्यात चोर नाही की सुरा नाही. पण त्यांच्या नोकरीतला मला सगळ्यांत आवडलेला तपास हाच, म्हणून माझ्यापुरता लिहून ठेवते. नावं कोणाचीच लिहीत नाही.

गावाबाहेर ओढ्याच्या काठाला एक विधवा बाई राहायची. वांगी, मेथी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, लावायची आणि मागच्या परसात कोंबड्या पाळायची. उन्हाळ्यात ओढा आटला की भाजी संपे, मग अंडी विकूनच तिचं चाले. तिचा भाऊ आसेगावला होता. "माह्याकडे येऊन राह्य" असं तो दरसाल म्हणे, पण ती जात नसे. भावजयीच्या हाताखाली उरलेला जन्म काढायचा नाही, एवढं तिनं ठरवलं होतं.

एका सकाळी ती मेलेली कोंबडी पदरात घेऊन ठाण्याच्या पायरीशी उभी राहिली. आमची खोली ठाण्याला लागूनच होती, त्यामुळे बोलणं मला सगळं ऐकू येई.

"जमादारसाहेब, माह्या कोंबड्या फाडल्या. लिहून घ्या."

"कोणी फाडल्या?"

"कुत्र्यायनं. अन कोनी?"

लिहायला बसलेला शिपाई हसला. "बाई, आता कुत्र्यायले बेड्या घालू का?"

"त्यायच्या मालकाले घाल ना. त्याचे हात माणसासारखेच हायेत."

शिपायाचं हसू तिथंच थांबलं. असली तक्रार दखलपात्र नसते. ठाण्यात नोंद करायची आणि फिर्यादीला कोर्टाचा रस्ता दाखवायचा, एवढंच काम. यांनीही तिला तसं समजावलं असतं तर कोणी बोट ठेवलं नसतं. पण यांनी टोपी घातली आणि दोन पंच घेऊन जागा पाहायला गेले.

दुपारी मीही तिच्याकडे भाकरी घेऊन गेले. काट्यांचं कुंपण एका कोपऱ्यात दबलेलं, खुराड्याचं दार उखडलेलं आणि जिकडेतिकडे पिसं. उरलेल्या दोन कोंबड्या छपरावर चढून बसल्या होत्या, दाणे टाकले तरी उतरत नव्हत्या. बाई म्हणाली, "यायनं बी आता अंडी देनं सोडलं, जमादारीनबाई. पुन्ना एकदा कुत्रे आले का मी आसेगावले गेली समजा." रडली नाही. तेच मला जास्त लागलं.

पंचनाम्यात यांनी नीट लिहिलं होतं. मुंगूस असतं तर नरड्याला धरून रक्त प्यालं असतं, कोल्हा असता तर उचलून नेलं असतं. इथं एकही कोंबडी खाल्लेली नव्हती. नुसत्या झटकून टाकलेल्या. म्हणजे काम पोट भरलेल्या कुत्र्यांचं. आता पोट कोणाच्या घरी भरलं, ते शोधायचं होतं.

खबर मिळाली ती विहिरीवर, आणि ती मला. पाणी ओढता ओढता एक बाई माझ्या कानाशी आली. "कुत्रे मालकाचे हायेत. तीन. खळ्यातून येतेत. पन माहं नाव नका घेऊ माय, माह्या घरचा त्यायचाच सालदार हाय." मालक म्हणजे गावातले मोठे शेतकरी. सगळे त्यांना मालकच म्हणत, मीही तेच लिहिते.

मी ते यांना सांगितलं. हे म्हणाले, "ठीक. नाव न घेता काम करू."

मालकांनी पहिल्याच भेटीत कानावर हात ठेवले. कुत्रे गावाचे, आपला संबंध नाही. नुकसानीपेक्षा एका भाजीवालीपुढे मान खाली घालावी लागेल, हे त्यांना सोसणारं नव्हतं. मग यांनी त्यांच्या सालदाराला, म्हणजे सालगड्याला, ठाण्यात बोलावलं. बिचारा हात बांधून उभा होता.

"खळ्यात कुत्रे किती?"

"हायेत जी. येतेत, जातेत."

"कोणाचे?"

"गावाचे."

"भाकर कोण टाकतं?"

त्यानं दाराकडे पाहिलं. "गावच टाकते जी."

"सगळं गाव भाकरी घेऊन मालकाच्या खळ्यात येतं?"

"नाई जी, म्हन्जे... काई लोक येतेत."

यांनी त्याला पाणी दिलं आणि सोडून दिलं. शिपायाला राग आला, एक दम दिला असता तर सगळं बाहेर आलं असतं असं तो म्हणाला. हे म्हणाले, "त्याची भाकरी तिथंच आहे. त्याच्या तोंडून काढून आपण त्याला उपाशी ठेवायचं का?" पण जबानी मात्र कोरीच राहिली, हेही खरं.

शेवटी मालकांना बाजारच्या दिवशी ठाण्यावर यायला सांगितलं. ते दमणीत, म्हणजे बसायच्या हलक्या बैलगाडीत, आले, पांढरा फेटा बांधून. सालदार गाडी हाकत होता. मालक आत गेले. सालदारानं दमणी आमच्या खोलीच्या बाजूला निंबाखाली सोडली. बाजाराला आलेल्या आणखी चार गाड्या तिथं उभ्या होत्या. कोंबडीवाली बाई पायरीवर बसून होती.

आत मालकांचा आवाज चढला. "लिहून घ्या तुमी. एकबी कुत्रा माहा नाई. मी कुत्रा पाळतच नाई!"

मी भाजी चिरत होते. सहज खिडकीतून पाहिलं, तर दमणीच्या खाली, दोन चाकांच्या मधे, तीन कुत्रे आरामात पसरलेले. एक काळा, दोन तांबडे. जिभा बाहेर काढून धापा टाकत होते, म्हणजे वाटभर गाडीखालून पळत आले होते.

आमच्या भागात हे लहान लेकरालाही माहीत असतं. कुत्रा गाडीखालून चालतो तो आपल्या घरच्याच गाडीखालून. परक्याच्या गाडीखाली गेला तर ती गाडी हाकणाराच त्याला तुतारी, म्हणजे बैलं हाकायची टोकदार काठी, मारून हाकलतो. मालकांनी कुत्रे नाकारायची सगळी तयारी केली होती, पण त्या दिवशी पायी यायचं काही त्यांना सुचलं नाही. दमणीशिवाय घराबाहेर पडायची सवयच नव्हती.

यांना आतून ती बाजू दिसत नव्हती. मी तोवर ठाण्यात चार पुरुषांपुढे कधी गेले नव्हते. विळी बाजूला सारली, पदर पुढे ओढला आणि मागच्या दारात जाऊन उभी राहिले.  मी म्हणाले, "अहो, दमणीखाली कुत्रे बसलेत."

हे उठून बाहेर आले. मालकही मागोमाग आले, पाहिलं आणि लगेच म्हणाले, "सावली हाय, म्हनून बसले. सावली का माही हाय?"

"बरोबर," हे म्हणाले. "मग गाडी जुंपा. समोरच्या वळणापर्यंत जाऊन परत या."

सालदारानं मालकांकडे पाहिलं, मग बैल जुंपले. दमणी हलली तसे तिन्ही कुत्रे उठले, अंग झटकलं आणि दोन चाकांच्या मधून चालायला लागले. बाजूच्या चार गाड्यांच्या सावल्या तिथंच पडून होत्या, तिकडे एकानंही पाहिलं नाही. गाडी वळणापर्यंत गेली, कुत्रे गेले. गाडी परत आली, कुत्रे आले.

एव्हाना बाजारचे लोक गोळा झाले होते. मालकांनी दगड उचलला. "हाड! हाड रे!" काळ्याला वाटलं धनी खेळतो आहे. तो शेपूट हलवत आला आणि त्यांच्या जोड्यावर पाठ टेकून चारी पाय वर करून पडला.

गर्दीतून एक म्हातारा म्हणाला, "मालक, कुत्रे नाई तुमचे, तं बैल तरी तुमचेच हायेत ना? का थेबी गावाचे?"

जो हशा पिकला, तो बाजाराच्या पार टोकापर्यंत गेला असेल. सालदारसुद्धा बैलाच्या आड तोंड लपवून हसत होता. आणि त्यानं एक शब्दही सांगितलेला नव्हता.

यांनी हसू येऊ दिलं नाही. शांतपणे म्हणाले, "आता कोर्टात फिर्याद गेली तर हीच दमणी घेऊन वाशीमला यावं लागेल. इथंच मिटवायचं असेल तर बाईला विचारा. फिर्याद तिची आहे."

मालक तिच्याकडे वळले. किती वर्षांत त्यांनी तिच्याकडे मान वळवून पाहिलं असेल कोण जाणे. "सांग बाई, काय पायजे तुले?"

ती पायरीवरून उठली. "गेल्या तेवढ्या कोंबड्या. अन मीच पाहून घेईन. अन कुत्र्यायच्या गळ्यात लोढनं."

लोढणं म्हणजे मोकाट गुरांच्या गळ्यात बांधतात तो लाकडाचा ओंडका. पळायला गेलं की गुडघ्यावर आदळतो. पंचांसमोर तसं लिहून झालं, मालकांनी सही केली.

मग ती बाजारात कोंबड्यांच्या डाल्यांपुढे बसली आणि मालक उन्हात तिच्या मागे उभे. एकेक कोंबडी उचलून ती छाती चाचपायची, पंख उघडून पाहायची. "ही नाई, हिच्यात मांसच नाई. ही म्हातारी हाय. थे खुडूक द्या, अंड्यावर बसाले पायजेच एखादी."

"आटप ना वो," मालक म्हणाले.

"आटपते ना. तुमी टेका दमनीले."

हे पुढं नव्या शिपायांना सांगत, माणूस काय बोलतो ते सावकाश ऐका, पण तो आला कसा आणि त्याच्या मागून कोण आलं, ते आधी पाहा. दम देऊन वदवलेलं कोर्टात फिरतं, आणि त्या गरिबाची भाकरीही जाते. मी माझ्यापुरतं एवढंच शिकले की डोळ्यांना दिसलं ते वेळेवर बोलावं, आवाज लहान असला तरी.

त्या उन्हाळ्यात तिचा भाऊ आसेगावहून तिला न्यायला आला. परत निघाला तो आमच्या दारावरूनच. बहीण सोबत नव्हती. डोक्यावर टोपली होती, भुशात नीट रचलेल्या अंड्यांची, आणि तो अगदी जपून एकेक पाऊल टाकत चालला होता. मी विचारलं, "काय हो, बहीण नाही आली?"

"कायची येते," तो मान न हलवता म्हणाला. "म्हन्ते, माह्या कोंबड्यायकडे कोन पाह्यन?"